बाँड २५ : डॅन रोमर गेला, हान्स झिमर आला. काय टिकेल, काय बदलेल?

तारसप्तक | ८ जानेवारी २०२०

'नो टाइम टू डाय' या पंचविसाव्या बाँडपटाचं पार्श्वसंगीत आता डॅन रोमर करणार नाही. त्याच्या जागी हान्स झिमर आलाय. कारण मतभेदांचं दिलं जातंय. चित्रपट एप्रिलमध्ये लागायचा आहे, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने. दिग्दर्शक कॅरी जोजी फुकुनागाबरोबर रोमरने 'बीस्ट्स ऑफ नो नेशन' आणि 'मॅनियाक' केलं होतं, त्यामुळे ती निवड समजण्यासारखी होती. झिमरच्या नावावरून मात्र कालपासून चाहत्यांत सरळ दोन तट पडलेत.

चर्चा सुरू करण्याआधी हिशेब मांडून ठेवतो. आजवर २४ चित्रपट, नऊ संगीतकार. 'डॉ. नो' मॉन्टी नॉर्मनच्या नावावर, ११ जॉन बॅरीचे, ५ डेव्हिड अर्नोल्डचे, २ थॉमस न्यूमनचे. उरलेले पाच एकेकाच्या वाट्याला : जॉर्ज मार्टिन, मार्व्हिन हॅम्लिश, बिल कॉन्टी, मायकेल केमन, एरिक सेरा. झिमर दहावा.

माझं मत आधीच सांगतो. वाद्यं कुठली, सिंथेसायझर किती, यावरून नव्या माणसाची पारख करू नये. बाँड थीम तो कुठे अडवून धरतो आणि कुठे मोकळी सोडतो, आणि शीर्षकगीताची चाल चित्रपटात मुरवतो की नाही, हे दोनच निकष मी लावणार. अर्नोल्डने 'कसिनो रोयाल'मध्ये हे करून दाखवलं. तिथला बाँड अजून बाँड झालेला नाही, म्हणून थीमचे फक्त तुकडे येतात. त्यांच्या जोडीला क्रिस कॉर्नेलबरोबर बांधलेल्या शीर्षकगीताची चाल. कोमो सरोवराकाठी नाव उच्चारलं गेल्यावरच पूर्ण थीम वाजते. १४० मिनिटं कळ काढल्यामुळे ती तशी अंगावर येते.

नाखवा | ८ जानेवारी २०२०

निकष मान्य, आणि त्याच निकषांवर झिमरची धास्ती वाटते. गेल्या दहा-बारा वर्षांतली त्याची पद्धत ओळखीची आहे : खालच्या तंतुवाद्यांवर चार-आठ स्वरांचं आवर्तन, त्यावर थरावर थर, शेवटी पितळी वाद्यांचा भिंतीसारखा आवाज. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनच्या चित्रपटांना ते चपखल बसलं, कारण तिथे चालीपेक्षा दाब हवा होता. बाँडला चाल लागते. बॅरीचं कुठलंही पान काढा, वर व्हायोलिनवर लांब ओळ, खाली हॉर्न त्याला उत्तर देतायत, आणि मध्ये तुतारीचा एखादा धारदार तुकडा. ती ओळ गुणगुणता येते.

न्यूमनचंच बघा. पोत सुंदर, पण ॲडेलच्या गाण्याची चाल 'स्कायफॉल'च्या संगीतात ठळकपणे एकाच ठिकाणी, मकाऊच्या कसिनोत होडीने शिरताना. 'स्पेक्टर'मध्ये तर 'स्कायफॉल'चेच तुकडे पुन्हा वापरले. ते मला फार लागलं, कारण 'स्कायफॉल'चं काम खरोखर चांगलं होतं, त्याला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला होता.

कोमलधैवत | ९ जानेवारी २०२०

थीम "आहे" किंवा "नाही" असं आपण बोलतो, पण तिचे चार वेगळे सुटे भाग आहेत आणि संगीतकार ते वेगवेगळे खर्च करतो. घरात पेटी असेल तर समोर घ्या. पांढरी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरा.

पहिला भाग, सरकणारा तळ : प, कोमल ध, शुद्ध ध, परत कोमल ध. म्हणजे पांढरी सात, वरची पांढरी एक, काळी एक, पांढरी एक. खाली सा आणि कोमल ग धरून ठेवा. एवढ्या चार स्वरांत बाँड उभा राहतो. अर्नोल्ड आणि न्यूमन दोघंही पूर्ण थीम द्यायची नसेल तेव्हा हाच भाग तंतुवाद्यांत पेरतात.

दुसरा, गिटारची ओळ : सा, मग रे रे रे रे, सा सा सा, आणि पुढच्या फेरीत रेच्या जागी कोमल ग. १९६२मध्ये ती विक फ्लिकने वाजवली, क्लिफर्ड एसेक्स पॅरागॉन या पोकळ अंगाच्या गिटारवर, व्हॉक्सच्या अँप्लिफायरमधून. तो कडक, किंचित खरखरीत आवाज ब्रिजच्या जवळ जोरात आघात केल्याने येतो. आजच्या गुळगुळीत इलेक्ट्रिक गिटारवर हळू आघाताने वाजवलीत तर स्वर बरोबर असूनही ती ओळ मिळमिळीत होते. नव्या ध्वनिमुद्रणांत फसतं ते बहुधा इथेच.

तिसरा, पितळी वाद्यांचा जॅझच्या झोकातला मधला भाग. त्याला झोल (जॅझचा स्विंग) लागतो, सरळ मात्रेत वाजवला की मेला. चौथा, शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर : सा, कोमल ग, प, शुद्ध नी, वरचा रे. पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सात, काळी दोन, काळी तीन. हे पाचही स्वर कीरवाणी रागात बसतात आणि पटदीपातही. दोघांत फरक धैवताचा, आणि तळातली ओळ नेमकी त्याच दोन धैवतांमध्ये झुलत असते. निर्णय न झाल्यासारखी जी बेचैनी वाटते ती इथून येते.

झिमरने पहिला आणि चौथा भाग घेतला तर त्याच्या पद्धतीत ते सहज बसतील. खरी कसोटी तिसऱ्याची.

पारिजात_७७ | ९ जानेवारी २०२०

कोमलधैवत, प्रतिसाद जपून ठेवलाय. या चालीचं मूळही भारतीय विषयाशी जोडलेलं आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर संगीत नाटक करायचं घाटत होतं, नॉर्मनने त्यातल्या एका गाण्यासाठी ही चाल बांधली होती. ते नाटक बाजूला राहिलं. मग तीच चाल त्याने 'डॉ. नो'साठी काढली आणि बॅरीने तिचं वाद्यवृंदात रूपांतर केलं. श्रेय कोणाचं यावरून २००१मध्ये लंडनच्या कोर्टात निकाल लागला. बॅरीने साक्ष दिली, तरी ज्युरीने नॉर्मनच्या बाजूने कौल दिला. म्हणून झिमर असो की कोणी, श्रेयनामावलीत "जेम्स बाँड थीम : मॉन्टी नॉर्मन" ही ओळ येणारच.

आणि 'ऑक्टोपसी' विसरू नका. उदयपूरला बाँड उतरतो तेव्हा विजय अमृतराज बीनवर तीच थीम वाजवून खूण पटवतो. पात्राच्या कानावर थीम पडते, असा हा दुर्मीळ प्रसंग.

संकलनटेबल | १० जानेवारी २०२०

तीन महिने म्हणजे प्रत्यक्षात किती, ते बघू.

प्रदर्शनाच्या साधारण पाच-सहा आठवडे आधी अंतिम मिश्रण, म्हणजे संवाद, आवाज आणि संगीत एकत्र करणं, संपलेलं लागतं. त्यानंतर प्रती, उपशीर्षकं, वेगवेगळ्या भाषांचे ध्वनिपट. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीची तारीख धरली तर फेब्रुवारीच्या अखेरीस मिश्रण हातावेगळं. मिश्रणाच्या आधी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण. लिहायला उरले पाच आठवडे, ओढून ताणून सहा.

बाँडपटाला १०० मिनिटं संगीत धरा. एकटा संगीतकार दिवसाला दोन मिनिटं पूर्ण लिहून काढतो, ती उत्तम गती. ३५ दिवसांत ७० मिनिटं. ३० मिनिटं कमी पडतात, आणि यात दिग्दर्शकाने परत पाठवलेले तुकडे धरलेलेच नाहीत. म्हणून सहायक संगीतकारांची फळी लागते. झिमरकडे सांता मोनिकाला ती कायमची उभी आहे. मला वाटतं, त्याच्या निवडीमागे हे कारण त्याच्या नावाइतकंच मोठं असणार. 'ब्लेड रनर २०४९'च्या वेळीही योहान योहानसन बाजूला झाल्यावर तो आणि बेंजामिन वॉलफिश उशिरा आत आले होते.

आता ध्वनिमुद्रण. तीन तासांच्या एका सत्रात दहा-बारा मिनिटं कामाचं संगीत मिळतं. १०० मिनिटांना नऊ-दहा सत्रं. पण हल्ली मारधाडीच्या प्रसंगांत तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यं वेगवेगळी मुद्रित करतात, म्हणजे त्या भागांना वेळ दुप्पट. कारण व्यावहारिक आहे : गोळीबार आणि संवादाखाली तुतारी खाली आणायची तर ती व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरलेली नको.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो संकलन बदलल्यावर. सेकंदाला २४ फ्रेम. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा १२ फ्रेमची, चार मात्रांचा खंड ४८ फ्रेमचा. संगीत लिहून झाल्यावर संकलकाने पाठलागातून ३६ फ्रेम काढल्या की तीन मात्रा गेल्या, एका मात्रेचा खंड लोंबकळत राहिला. मग एकतर ती मात्रा शेजारच्या खंडात घालून पाच मात्रांचा खंड करायचा, नाहीतर ध्वनिमुद्रण झालं असेल तर मधूनच कापायचं. आवर्तनांवर बांधलेलं संगीत असं कापलं तर ऐकणाऱ्याला कळत नाही, बॅरीसारखी लांब ओळ कापली की लगेच कळतं. आजकालचे संगीतकार आवर्तनं का लिहितात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. नाखवा, तुमच्या तक्रारीचा रोख संगीतकाराइतकाच संकलनाच्या टेबलावरही असायला हवा.

नाखवा | १० जानेवारी २०२०

हा मुद्दा पटला. तरी बॅरीलाही वेळ कमीच मिळायचा. फरक असा की तेव्हा प्रसंगाची लांबी पक्की झाल्यावर तो लिहायला बसायचा.

तारसप्तक | ११ जानेवारी २०२०

ऐनवेळी दुरुस्तीचं बाँडमधलं उदाहरण 'गोल्डनआय' (१९९५). सेराचं काम बहुतांशी इलेक्ट्रॉनिक, थीमसुद्धा टिंपनीच्या आघातांवर तोडून घेतलेली. सेंट पीटर्सबर्गच्या रणगाड्याच्या पाठलागाला त्याने दिलेलं संगीत निर्मात्यांना चाललं नाही, जॉन ऑल्टमनकडून वाद्यवृंदात थीमसह नव्याने लिहून घेतलं. पडद्यावर ऑल्टमनचं वाजतं, अल्बमवर सेराचं आहे. दोन्ही त्या दृश्यावर लावून बघण्यासारखी आहेत. सेराचं स्वतंत्रपणे ऐकायला वाईट नाही, पण रणगाडा भिंत फोडून बाहेर येतो तिथे प्रेक्षकाला जे हवं असतं ते त्यात येतच नाही. शिवाय टीना टर्नरचं गाणं बोनो आणि एजचं, त्याची चाल सेराच्या संगीतात नाही. गाणं एकीकडे, चित्रपट दुसरीकडे.

यावेळीही गाणं दुसऱ्या कोणाचं असणार, आणि संगीतकार त्यानंतर आलेला. म्हणून लक्ष तिथे ठेवा.

मध्यलय | १२ जानेवारी २०२०

झिमरने हेरपटांच्या दुसऱ्या मोठ्या मालिकेत आधी काम केलंय, 'मिशन इम्पॉसिबल २' (२०००). तिथे लालो शिफ्रिनची थीम पाच मात्रांची. तिचे अर्धे भाग मोजले तर दहा होतात, पण वाटणी ३-३-२-२. आपल्या झपतालाची २-३-२-३, त्यामुळे टाळ्या देत ऐकायला गेलात तर दुसऱ्याच टाळीला चुकता. झिमरने त्यावर गिटारी चढवल्या, स्पॅनिश रंग दिला. थीम ओळखू येते, पण हेरगिरीतली चोरपावलं गेली आणि रॉकचा जोर आला. बाँडच्या बाबतीत मला भीती आहे ती एवढीच.

त्या मालिकेत संगीतकार बदलणं हा शिरस्ता आहे. पहिल्याच चित्रपटात ॲलन सिल्व्हेस्ट्रीला काढून डॅनी एल्फमनला आणलं होतं.

कोमलधैवत | १५ फेब्रुवारी २०२०

बिली आयलिशचं गाणं परवा आलं. तिचं आणि भाऊ फिनियसचं, वाद्यवृंदाची रचना झिमर आणि मॅट डंकलीची, गिटार जॉनी मार. पेटी परत काढा. गाणं पांढरी तीनच्याच सा वर आहे, मायनर. अगदी शेवटी, आवाज थांबल्यावर गिटारवर जो कॉर्ड पडतो तो सा, कोमल ग, प, नी, रे. वर लिहिलेला चौथा भाग, जसाच्या तसा.

याचा व्यावहारिक फायदा मोठा. स्केल एकच असल्याने झिमरला गाण्याच्या चालीतून थीमच्या तळात, आणि तिथून परत, कुठलाही सांधा न दाखवता जाता येईल. सेराला ही सोय नव्हती.

नाखवा | १५ फेब्रुवारी २०२०

गाणं आवडलं. पितळी वाद्यं दुसऱ्या अंतऱ्यानंतर जी उघडतात तिथे डंकलीचा हात दिसतो. थोडा धीर आला.

संकलनटेबल | ५ मार्च २०२०

प्रदर्शन एप्रिलवरून नोव्हेंबरवर गेलं. संगीताला जास्त वेळ मिळाला असं कोणी समजू नये. वाद्यवृंदाचं काम एकदा झालं की पुन्हा सगळ्यांना बोलावणं महाग असतं, चित्र बदललं तरच ते होतं.

पारिजात_७७ | ३ ऑक्टोबर २०२१

धागा वर काढते. बाकी देशात चित्रपट ३० सप्टेंबरला लागला, अल्बम १ तारखेला आला, पण महाराष्ट्रातली थिएटरं २२ ऑक्टोबरपर्यंत बंद आहेत. म्हणजे आपल्याकडच्यांनी तीन आठवडे नुसता अल्बम ऐकायचा. सूचना : तुकडे चित्रपटाच्या क्रमाने आहेत. कथा कळू नये असं वाटत असेल तर पहिल्या दहांवर थांबा. शेवटच्या दोन-तीन तुकड्यांचा नूरच बरंच सांगून जातो.

तोवर अल्बमवरचा 'मटेरा' हा तुकडा ऐका. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) जवळून माहीत असणाऱ्यांना दहा सेकंदांत कळेल.

तारसप्तक | २४ ऑक्टोबर २०२१

आता बोलू. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नये.

माझ्या दोन निकषांवर. गाण्याची चाल : पूर्ण गुण. आयलिशची चाल बाँडची प्रेयसी मॅडलेन हिच्या प्रसंगांत वेगवेगळ्या वाद्यांवर फिरते, कधी पूर्ण ओळ, कधी पहिले चारच स्वर. न्यूमनच्या दोन्ही चित्रपटांत मिळून जेवढी गाण्याची चाल आली नाही तेवढी इथे येते.

थीम : अर्नोल्डइतकी कसून राखलेली नाही, पण वेळा बरोबर साधल्यात. मटेराच्या चौकात गाडीच्या काचांवर गोळ्यांचा मारा होतो तेव्हा संगीत जवळपास गप्प, आणि बाँड ठरवतो तेव्हा थीम सुटते. क्युबाच्या प्रसंगात तुतारीने तिसरा भाग जिवंत वाजतो, झोल शाबूत ठेवून. कोमलधैवतांनी सांगितलेली कसोटी तिथे पार पडली.

मध्यलय | २४ ऑक्टोबर २०२१

क्युबाला सहमत. नॉर्वेच्या जंगलातला पाठलाग मात्र कुठल्याही चित्रपटाला चालला असता. तिथे थरांचं काम आहे, चाल नाही.

पारिजात_७७ | २५ ऑक्टोबर २०२१

मला भिडलं ते बॅरीचं ऋण उघडपणे मान्य करणं. १९६९च्या चित्रपटातून दोन गोष्टी घेतल्यात. एक, 'वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड', बॅरीची चाल, हॅल डेव्हिडचे शब्द, लुई आर्मस्ट्राँगचा आवाज. सुरुवातीला मटेराच्या रस्त्यावर तिची वाद्यांवरची छाया येते, आणि शेवटी श्रेयनामावलीवर मूळ ध्वनिमुद्रण. दोन, त्या चित्रपटाचं शीर्षकसंगीत, ज्यात बॅरीने तळाला मोग सिंथेसायझर वापरला होता. बाँड आणि त्याचा वरिष्ठ एम नदीकाठी भेटतात तिथे ते येतं. ज्याला संदर्भ माहीत आहे त्याला त्या चित्रपटात मारल्या गेलेल्या बाँडच्या बायकोची, ट्रेसीची आठवण होते आणि शेवट काय असेल याची चाहूल लागते. नुसता जुना तुकडा वाजवून टाळ्या घेतलेल्या नाहीत, कथेचं काम त्याच्याकडून करून घेतलंय. झिमरकडून ही अपेक्षा मी केली नव्हती.

नाखवा | २५ ऑक्टोबर २०२१

ऋण मान्य. पण 'फायनल असेंट' या शेवटच्या प्रसंगाच्या तुकड्याबद्दल माझी तक्रार कायम आहे. मालिकेतला सर्वात मोठा क्षण, आणि तिथे झिमरची जुनीच बांधणी : संथ कॉर्डांची फेरी, प्रत्येक फेरीला एक थर, हळूहळू चढ. हे त्याच्याकडून आधी ऐकलेलं आहे. त्या जागी बॅरीची एखादी लांब ओळ असती तर तो निरोप बाँडचाच वाटला असता.

संकलनटेबल | २६ ऑक्टोबर २०२१

नाखवा, तो प्रसंग संकलनाच्या बाजूने बघा. रेडिओवरचं बोलणं सतत चालू, मध्ये क्षेपणास्त्रांची दृश्यं, दोन ठिकाणांमधली ये-जा. संवादाच्या मागे लांब चाल ठेवली की दोन्ही एकाच पट्टीत भांडतात, कोणीतरी एक खाली दाबावा लागतो. फेऱ्या असल्याने वाक्यांच्या फटींत जागा राहते आणि आवाज न चढवता ताण वाढतो. सोपा मार्ग आहे हे खरं, पण त्या दृश्याच्या बांधणीला तोच बसतो. माझी तक्रार वेगळी आहे : संवाद संपल्यानंतर जे काही क्षण मिळतात तिथे तरी चाल मोकळी करायला हवी होती.

आणखी एक. श्रेयनामावलीत स्टीव्ह माझारोचं नाव नीट वाचा. अतिरिक्त संगीत त्याचं. २०२०मध्ये आपण इथे ३५ दिवसांचा हिशेब केला होता, तो कसा सोडवला गेला ते त्या एका ओळीत दिसतं. झिमर आवडला किंवा नाही म्हणताना माझारोचं कामही त्यात आहे.

नाखवा | २६ ऑक्टोबर २०२१

"संवाद संपल्यानंतर" हे अगदी माझ्या मनातलं. बाकी प्रतिसादाशीही आता भांडण नाही.

मध्यलय | २७ ऑक्टोबर २०२१

एक शंका. आर्मस्ट्राँगचं गाणं अल्बमवर सापडत नाही. माझ्याकडची आवृत्ती अपुरी आहे का?

पारिजात_७७ | २७ ऑक्टोबर २०२१

नाही, आवृत्ती पूर्ण आहे. अल्बमवर २१ तुकडे, विसावा 'फायनल असेंट' आणि एकविसावं आयलिशचं गाणं. आर्मस्ट्राँगचं ध्वनिमुद्रण १९६९च्या अल्बमवर मिळेल. ऐकायचं तर क्रम असा लावा : आधी त्या जुन्या अल्बमवरचं शीर्षकसंगीत, मग आर्मस्ट्राँग, मग 'मटेरा', आणि लगेच 'गुड टू हॅव यू बॅक'. चारही हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरवर मोगचा तळ ऐकूच येत नाही.